धुऱ्यावरची येडी बाभळ

आमच्या परभणीकडं उन्हाळ्यात सगळं करपतं, बोअर कोरडा ठाक पडतो, माणसं टँकरमागं पळतात, पण धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, येडी बाभळ (विलायती बाभूळ) हिरवीगार. यंदा तिला काढायचीच म्हणून गडी लावला, तर त्या बहाद्दरानं पहिल्या झटक्यात आजोबांच्या काळची गावरान बाभूळ आडवी केली! वर म्हणतो, "दादा, काटा तर दोन्हीला हाय की."

मग धुऱ्यावरच शिकवणी. बाबा रे, गावरानचं फूल म्हणजे पिवळा गोल गोंडा, शेंग राखाडी आणि दर दोन बियांच्या मधे चिमटलेली, आणि ह्या येडीचा तुरा बोटासारखा लांबट, शेंग पिवळसर, सलग, चवीला गोड. त्यानं चावून बघितली, "खरंच की!" म्हणला आणि चार खिशात टाकल्या.

सगळी भानगड त्या गोडीचीच आहे. पाल्याला शेरडं तोंड लावत नाहीत, शेंगा मात्र मिटक्या मारत खातात आणि लेंडीतून वावरभर पेरून मोकळी. बी पोटात मरत नाही, मरायचं तर शेंगा भरडून घालायला पाहिजेत, पण तेवढा वेळ कुणाला हाय. म्हणजे हिला बियाणं फुकट, खत फुकट, आणि सोयाबीनच्या बॅगेसाठी आम्ही रांगेत! मूळची ही मेक्सिको, दक्षिण अमेरिकेकडची, इंग्रजांनी 1877 साली बी आणलं, उजाड रान हिरवं होईल, जळण होईल म्हणून. झालं की हिरवं.

वरून छाटली की बुंध्यातून असे फोक येतात की उसाचा खोडवा लाजावा. जमिनीखाली वीतभर खणून बुंधाच काढावा लागतो, नाहीतर पावसानंतर ओल असताना बारकी रोपं मुळासकट उपटायची, ते सगळ्यात स्वस्त. काटा चपलेतून टाचेत घुसतो, टोक आत मोडतं, मग बायको मोबाईलच्या टॉर्चवर सुई घेऊन बसते आणि "हलू नका" म्हणत मागचे सगळे हिशोब काढते.

शेवटी जेसीबी आणला. कोळसेवाला जाड बुंधे तेवढे घेऊन गेला. संध्याकाळी शेजारचे तात्या आले, मला वाटलं चहाला, तर हातात टेप! "बाभळी होत्या तवा धुरा कुठं हाय ते दिसत तरी होतं, आता हातभर माझ्यात सरकलास तू." आता मोजणी होईल तवा होईल, तोवर तात्यांनी आमच्याच उरलेल्या फांद्यांची कुपाटी, म्हणजे काटेरी कुंपण, घातलीय, शेंगांसकट.