टेंडर का गेले, हे सांगायला सरकार बांधील हवे

मागच्या रविवारी फोंड्यात एका बारशाला गेलो होतो. पंगतीत कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले आम्ही चौघे शेजारी शेजारी बसलो आणि विषय निघाला ब्रिटनबरोबरच्या व्यापार कराराचा. एकजण म्हणाला, "आता इंग्रज कंपन्या येऊन आमची टेंडरं नेणार." दुसरा म्हणाला, "नेऊ देत, निदान कागदपत्रं तरी सरळ होतील." मी काही बोललो नाही. दोघांचेही अर्धे अर्धे बरोबर होते, आणि उरलेले अर्धे जेवता जेवता सांगण्याइतके थोडके नव्हते. म्हणून इथे लिहितो. लांबलचक आहे, पण सरकारी टेंडर भरणाऱ्या प्रत्येकाने वाचावे अशी मनापासून विनंती.

ज्यांना माझी ओळख नाही त्यांच्यासाठी: माझे फॅब्रिकेशनचे छोटे युनिट आहे. शाळेचे बाक, कपाटे, रॅक, शिड्या, रेलिंग. अकरा माणसे कामाला. सरकारी काम मिळाले तर वर्ष निघते, नाही मिळाले तर ओढाताण.

काही वर्षांपूर्वी एका खात्याचे बाकांचे टेंडर निघाले. स्पेसिफिकेशन वाचताना माझ्या लक्षात आले की नळीची जाडी, फळीच्या कडेची गोलाई, पायाखालच्या रबराचा आकार, सगळे एका ठरावीक कंपनीच्या कॅटलॉगशी मिलिमीटरपर्यंत जुळते. प्री-बीड मीटिंगला, म्हणजे बोली भरण्याआधी शंका विचारायच्या बैठकीला, मी उभा राहून विचारले की याच ताकदीचा, पण वेगळ्या मापाचा बाक चालेल का. "लेखी द्या," म्हणाले. लेखी दिले. उत्तर आले नाही. मी टेंडर भरले, अनामत भरली आणि टेक्निकलमध्येच बाद झालो. पोर्टलवर माझ्या नावापुढे दोन शब्द होते, 'नॉट क्वालिफाइड'. का, ते नाही. माहिती हक्काखाली अर्ज केला. पहिले उत्तर अपुरे आले म्हणून अपील केले. कारण हातात पडले तोवर बाक शाळांत पोचून त्यांवर मुले बसलीही होती. वकिलांना विचारले तर त्यांनी पर्वरीच्या हायकोर्टात रिट घालण्याचा खर्च सांगितला. त्या कामातून सुटणाऱ्या नफ्यापेक्षा तो जास्त होता. मी फाइल बांधून माळ्यावर टाकली.

ते काम दुसऱ्याला गेले याचे दुःख नाही. धंद्यात दहा भरावीत तेव्हा दोन लागतात. मी कुठे चुकलो हे मला वेळेत कुणी सांगितले नाही, आणि ते सांगायला कुणी बांधीलही नव्हते, हे मला अजून बोचते.

याच्या उलट अनुभवही सांगतो. गोव्याच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण प्रकल्पासाठी जपानबरोबर २००७ साली कर्जाचा करार झाला (पुढे ते काम 'जायका' या जपानी संस्थेकडे आले), हे बहुतेकांना आठवत असेल. अशा परदेशी कर्जावरच्या एका कामात मुख्य कंत्राटदाराला शिड्या आणि रेलिंग पुरवायचे काम मला मिळाले होते. त्या निमित्ताने त्यांचे टेंडरचे बाड हाताळायला मिळाले. बोली भरणाऱ्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न क्रमांक घालून छापलेला, खाली उत्तर, आणि ते सगळ्यांना पाठवलेले. कुठे एखाद्या ब्रँडचे नाव आलेच तर पुढे 'किंवा समतुल्य'. मोठ्या कंत्राटांत निवड झाल्यावरसुद्धा कर्ज देणाऱ्याची संमती आल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कामे काही लवकर होतात असे नाही, उलट वेळ जास्त जातो. पण 'बाद' म्हणजे का बाद, हे कागदावर असते. तिथून मी हा विषय वाचायला लागलो.

पहिली गोष्ट जी मला कळली ती अशी की सरकारांनी आपापसांत जे व्यापाराचे नियम केले, त्यात स्वतःची खरेदी मुद्दाम बाहेर ठेवली होती. १९४७ च्या गॅट करारात परदेशी मालाला देशी मालासारखेच वागवा असे तिसरे कलम आहे, पण त्याच कलमात पोटकलम आहे की सरकार स्वतःच्या वापरासाठी, पुन्हा विकायचे नसताना, जे विकत घेते त्याला हा नियम लागू नाही. कारण उघड आहे. करदात्याचा पैसा आपल्याच कारागिराला, आपल्याच कारखान्याला मिळावा असे प्रत्येक देशाला वाटते. पण ही खरेदी लहान नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ती देशाच्या एकूण उत्पन्नाच्या सरासरी १० ते १५ टक्के असते. एवढा बाजार बंद ठेवणे मोठ्या निर्यातदार देशांना परवडेना. म्हणून १९७९ मध्ये गॅटच्या वाटाघाटींच्या टोकियो फेरीत सरकारी खरेदीची वेगळी संहिता झाली, ती १९८१ पासून लागू झाली. पुढे १९९४ मध्ये माराकेशला तिचा मोठा करार झाला आणि त्याची सुधारित आवृत्ती २०१४ पासून अमलात आहे. हा करार ऐच्छिक आहे. ज्याला यायचे तो येतो, आणि येताना कोणती खाती, कोणता माल, किती रकमेच्या वर, याची यादी घासाघीस करून ठरवतो. भारत त्यात सामील नाही. २०१० पासून आपण निरीक्षक म्हणून फक्त बसतो.

मग सामील नसलो तर हे नियम आपल्याला लागतच नाहीत? पंगतीतल्या माझ्या पहिल्या मित्राला वाटते की बाहेरचे नियम 'आता' येणार, आणि इथेच तो चुकतो. करारात नसूनही आपली खरेदी त्यांच्या चौकटीत वळत आलेली आहे.

सोलारचे उदाहरण घ्या. माझा भाचा मडकईत छतावर सोलार बसवण्याचे काम करतो, त्यामुळे हे प्रकरण मी बारकाईने वाचले. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मिशन सुरू झाले. प्रकल्प उभारणाऱ्यांनी ठरावीक टप्प्यांत देशी सेल आणि मॉड्यूलच वापरावेत अशी अट होती. २०१३ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. आपण म्हणालो, ही सरकारी खरेदी आहे, आम्हाला सूट आहे. निकाल देणाऱ्यांनी विचारले, सरकार विकत काय घेते? वीज. आणि परदेशी असल्याचा भेदभाव कशावर होतो? सेलवर. विकत घेतलेली वस्तू एक आणि भेदभाव दुसऱ्याच वस्तूवर, म्हणून सूट लागू नाही. २०१६ मध्ये अपिलातही आपण हरलो. त्यानंतर काय झाले ते पाहा. २०१९ च्या केंद्रीय उपक्रमांसाठीच्या १२,००० मेगावॉटच्या योजनेत देशी सेलची अट पुन्हा आली, पण वीज सरकारने किंवा सरकारी संस्थांनी स्वतःच वापरायची, असे बंधन घालून. एका पोटकलमातल्या शब्दांनी आपल्या योजनेचा आकार ठरवला. असे नियम वाचता येणारी माणसे दिल्लीत हवीत, तशी पर्वरीच्या सचिवालयातही हवीत.

'राज्याचा यात काय संबंध' असे वाटणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सची गोष्ट. १९९६ मध्ये त्या राज्याने कायदा केला की म्यानमारच्या लष्करी राजवटीशी धंदा करणाऱ्या कंपन्यांकडून राज्य शक्यतो खरेदी करणार नाही. त्यांच्या बोलीवर दहा टक्क्यांचा बोजा चढवायचा. हेतू चांगला होता. पण अमेरिकेने त्या राज्याला खरेदी कराराच्या यादीत घातलेले होते, म्हणून युरोपीय संघ आणि जपान यांनी जागतिक व्यापार संघटनेत वाद मांडला. शेवटी २००० साली अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने, म्यानमारविषयीच्या केंद्राच्या कायद्याच्या आड येतो म्हणून, तो कायदा रद्द केला. यादीत कोण असावे हे ठरवताना त्या राज्यातल्या किती लोकांना कल्पना असेल की आपल्या विधिमंडळाच्या हातातले काही तरी जाते आहे? उद्या भारताने राज्यांची नावे अशा यादीत घालायची ठरवली, तर गोव्याच्या विधानसभेत आधी चर्चा झाली पाहिजे, मग सही.

आज तरी ती वेळ आलेली नाही, आणि माझ्या मित्राची भीती त्यामुळे बरीच कमी व्हावी. २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीबरोबरच्या करारात आपण सरकारी खरेदी परदेशी कंपन्यांना खुली करणारा अध्याय पहिल्यांदा घातला. तो २०० कोटींच्या वरच्या खरेदीपुरता. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर सही झाली. त्यात केंद्राच्या खात्यांचा काही भाग खुला होतो आणि किमान २० टक्के ब्रिटिश घटक असलेल्या पुरवठादाराला देशी मालाला प्राधान्य देणाऱ्या आपल्या 'मेक इन इंडिया' आदेशातला दुसऱ्या वर्गाचा दर्जा मिळतो. ५० टक्के किंवा त्याहून जास्त देशी माल असलेल्याचा पहिला वर्ग आपल्याकडेच राहतो. राज्य सरकारे, नगरपालिका, पंचायती बाहेर आहेत. म्हणजे साबांखाचे (सार्वजनिक बांधकाम खात्याचे) किंवा शिक्षण खात्याचे टेंडर लंडनहून कुणी भरणार नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या लहान उद्योजकांनी नीट समजून घ्यावी, कारण वास्कोत आणि पणजीत नियम वेगळे आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के घ्यावे, त्यांना अनामतीतून सूट द्यावी, हा २०१२ चा आदेश केंद्राच्या खात्यांना आणि उपक्रमांना लागू आहे. मुरगाव बंदर किंवा गोवा शिपयार्ड यांना माल देताना तो हक्क सांगता येतो. राज्याच्या खात्यापुढे सांगायला गेलात तर राज्याचे धोरण काय आहे ते बघावे लागते. माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांनी वर्षानुवर्षे केंद्राकडे अनामत भरली, कारण त्यांना हे कुणी सांगितलेच नाही.

आणि आंतरराष्ट्रीय नियम म्हणजे लहानांचे मरण, हेही खरे नाही. अमेरिका त्या करारात पहिल्यापासून आहे, पण तिने लहान उद्योगांसाठीचे राखीव टेंडर यादीबाहेर ठेवले आहे. लोकांना जेवण पुरवण्याच्या योजनांची खरेदीही बाहेर ठेवली आहे. हे वाचले तेव्हा मला आपल्याकडचे माध्यान्ह आहार करणारे स्वयंसाहाय्य गट आठवले. पहाटे उठून पावभाजी, पुलाव शिजवून वेळेत शाळेत पोचवणाऱ्या बायका. त्यांचे काम कधी कुठल्या मोठ्या टेंडरच्या तोंडी जाऊ नये. अमेरिकेला ते राखता आले तर आपल्याला का येऊ नये? सही करायच्या आधी मागावे लागते, एवढेच.

आता माझ्या दुसऱ्या मित्राकडे येतो, ज्याला वाटते की परदेशी आले की कागद सरळ होतील. त्याला मी हेच सांगेन की आपण कागद सरळ करायला परक्याची वाट का बघायची? त्या खरेदी करारात एक अठरावे कलम आहे. माझ्या मते सगळ्या करारात हेच मोलाचे. बोली भरणाऱ्याला आक्षेप घ्यायचा असेल तर किमान दहा दिवसांची मुदत द्या, त्याचे म्हणणे खरेदी करणाऱ्या खात्यापासून स्वतंत्र असलेल्या अधिकाऱ्यापुढे किंवा न्यायालयापुढे ऐकले जावे, आणि गरज पडली तर तोवर खरेदी थांबवता यावी. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०११ मध्ये सरकारी खरेदीचा जो नमुना कायदा दिला, त्यातही हे आहे. भ्रष्टाचारविरोधी संयुक्त राष्ट्र कराराच्या नवव्या कलमातही अपिलाची सोय करा असे लिहिले आहे, आणि तो करार तर भारताने २०११ मध्ये मान्यही केला आहे.

आपल्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत चांगल्या गोष्टी नाहीत असे नाही. बोली नाकारली तर प्रश्न विचारायची सोय टेंडरमध्ये ठेवावी, असे त्यात म्हटलेले आहे. पण हे नियम म्हणजे सरकारने स्वतःलाच दिलेली सूचना. ती पाळली नाही म्हणून मी कुणाकडे जाऊ? त्याच खात्याकडे. ज्याने बाद केले त्यालाच विचारायचे की बरोबर केलेस का. केंद्रात २०१२ साली सरकारी खरेदी विधेयक लोकसभेत आले होते, त्यात स्वतंत्र तक्रार निवारणाची तरतूद होती. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक तिथेच विरले. तेव्हापासून परदेशी कंपन्यांना दार किती उघडायचे यावर आपण चर्चा करतो, पण घरातल्या माणसाला दाद मागायची जागा देणारा कायदा पुन्हा आलेला नाही. शेजारच्या कर्नाटकात १९९९ चा टेंडर पारदर्शकता कायदा आहे, त्यात अपिलाला तीस दिवस दिलेले आहेत. तमिळनाडूने १९९८ मध्येच केला. राजस्थानने २०१२ मध्ये. तिन्ही राज्ये जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हाला जाऊन कुठल्या करारावर सही करून आली नव्हती.

गोवा लहान आहे हे मला इथे उपयोगाचे वाटते. सगळी खाती पणजी-पर्वरीच्या दहा किलोमीटरच्या आत आहेत. एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश, एक अभियंता, एक हिशेब तपासनीस, असे तिघांचे अपील मंडळ नेमले तर राज्यभराच्या टेंडरांच्या तक्रारी ते ऐकू शकतील. पंधरा दिवसांत निकाल. खोटी तक्रार करून काम अडवणाऱ्याची अनामत जप्त करा, माझी काही हरकत नाही. प्री-बीडचे प्रश्न आणि उत्तरे पोर्टलवर सगळ्यांना दिसावीत. बाद केलेल्या प्रत्येक बोलीपुढे निदान एक पूर्ण वाक्य असावे, कोणत्या अटीत कमी पडला त्याचे. यात सरकारला पैसा लागत नाही म्हटले तरी चालेल. उद्या कुठल्या करारात राज्यांना घालायची वेळ आलीच, तर ही यंत्रणा आपल्याकडे आधीच असेल आणि आपण घाईघाईने कुणाचा मसुदा उतरवून घेणार नाही.

चवथ संपली की आमच्या वसाहतीतल्या उद्योजकांची बैठक आहे. तिथे मी हे निवेदनाच्या रूपात मांडणार आहे. त्यासाठी उदाहरणे हवी आहेत. गेल्या पाच वर्षांत तुम्ही प्री-बीडला लेखी प्रश्न दिला आणि उत्तर मिळाले नाही, किंवा कारण न देता बाद झालात, तर टेंडर क्रमांक आणि तारीख मला मेसेजमध्ये पाठवा. खात्याचे, अधिकाऱ्याचे नाव नको, भांडण कुणाशी करायचे नाही. माझी माळ्यावरची फाइल काल खाली काढली, ती पहिली असेल.