रेल्वेच्या ऑफिसात येणाऱ्याला आधी यार्डात उभं करा

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात गेली. आधी लेखा विभाग, मग वॅगनचा हिशेब, मग दावे आणि शेवटची बरीच वर्षं कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तिका. रेल्वेत होतो म्हटलं की समोरचा खुलतो, आणि ऑफिसात होतो म्हटलं की "अच्छा, क्लार्क" म्हणून विषय बदलतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण ऑफिस म्हणजे रेल्वेला बाहेरून चिकटवलेली गोष्ट, हा समज आता रेल्वेच्या आतही शिरलाय, आणि त्याची मला खरोखर काळजी वाटते.

रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात हा समज परवडणारा नव्हता. १८४१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वेस्टर्न रेलरोडवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एकेरी मार्ग होता. त्या अपघातानंतर कंपनीने जबाबदाऱ्या कागदावर उतरवल्या: कुठल्या पट्ट्याचा प्रमुख कोण, त्याने कुणाला विचारायचं, वेळापत्रकात बदल करायचा अधिकार कुणाचा. पुढे १८५५ च्या सुमारास न्यूयॉर्क अँड ईरी रेलरोडच्या डॅनियल मॅक्कलम यांनी आख्ख्या रेल्वेच्या अधिकारांचा तक्ताच तयार करवून घेतला. झाडासारखा, मुळाशी संचालक आणि फांद्यांवर विभाग. त्यांचं म्हणणं साधं होतं. पन्नास मैलांची लाइन एक माणूस जातीने बघू शकतो, पाचशे मैलांची नाही. तिथे कोणी काय करायचं आणि कुणाला कळवायचं हे ठरलेलं लागतं. मोठ्या कारभाराची आज आपल्याला माहीत असलेली पद्धत बरीचशी अशी रेल्वेच्या गरजेतून आली.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते लंडनचं रेल्वे क्लिअरिंग हाऊस. ते २ जानेवारी १८४२ ला सुरू झालं. एका कंपनीची वॅगन दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून तिसऱ्या कंपनीच्या स्टेशनात जायची. मग भाड्यात कुणाचा वाटा किती आणि वॅगन अडकून पडली तर भरपाई कुणी द्यायची, हे सगळं तिथे मिटायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोन हजारांहून जास्त कारकून होते. पण हा डोलारा ज्यांच्यावर उभा होता ते लोक टेबलाजवळ नव्हतेच. त्यांना 'नंबर टेकर' म्हणत. दोन कंपन्यांचे रूळ जिथे मिळतात त्या जंक्शनवर, ऊन असो की पाऊस, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वॅगनचा नंबर ते वहीत टिपायचे. पगार क्लिअरिंग हाऊसचा, जागा यार्डात. ऑफिसचे डोळे रुळाशेजारी होते, म्हणून दोन्हीकडच्या कंपन्या त्या हिशेबावर विश्वास ठेवायच्या.

आता माझा मुद्दा. ऑफिसातल्या नव्या माणसाने टेबलाला हात लावण्याआधी काही महिने यार्डात, मालधक्क्यावर आणि कंट्रोलमध्ये, म्हणजे गाड्यांची हालचाल जिथून ठरते त्या खोलीत, काढलेच पाहिजेत. रात्रपाळीसकट.

हे मला पटलं ते एका डेमरेजच्या, म्हणजे वॅगन मुदतीपेक्षा जास्त अडकवल्याच्या दंडाच्या, फाइलमुळे. माल उतरवून घेणाऱ्या एका पार्टीकडून वॅगन वेळेत रिकाम्या होत नव्हत्या, दर वेळी दंड लागत होता आणि दर वेळी त्यांचा अर्ज येत होता. कागद स्वच्छ होता: रेक, म्हणजे वॅगनची आख्खी रांग, अमुक वाजता लावला, अमुक वाजता मोकळा झाला, मुदतीपेक्षा इतके तास जास्त. अर्ज फेटाळायची टिपणी तयार होती. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "सही नंतर. आधी साइडिंग बघून ये." साइडिंग म्हणजे माल उतरवायला मुख्य मार्गापासून काढलेला रुळांचा फाटा. गेलो. त्या साइडिंगवर अख्खा रेक मावतच नव्हता. अर्ध्या वॅगन आत लावायच्या, त्या रिकाम्या झाल्या की बाहेर काढायच्या आणि मग उरलेल्या अर्ध्या आत घ्यायच्या. रजिस्टरला मात्र एकच वेळ होती, पहिल्या अर्ध्याची. दुसरा अर्धा बाहेर इंजिनाची वाट बघत उभा असायचा आणि पार्टीचं घड्याळ चालू असायचं. ज्याने ही साइडिंग पाहिलेली नाही, त्याला हे फाइलमधून आयुष्यभर कळलं नसतं.

आता कॉम्प्युटर आहे. वॅगनवरचा टॅग रुळाशेजारचं यंत्र वाचतं आणि बिल आपोआप निघतं. याचं मी स्वागत करतो. रात्री कंदिलाच्या उजेडात नंबर वाचणाऱ्यांचे हाल आणि त्यातल्या चुका मी ऐकल्या आहेत. पण वेळ कुठून मोजायची हे यंत्राला माणूसच सांगतो. तो माणूस कधी यार्डात उभाच राहिला नसेल, तर तोच अन्याय आता कुणी न विचारता, फार वेगाने होत राहील.

सेवापुस्तिकांच्या टेबलावरही हेच दिसलं. रूळ बदलणाऱ्या आणि डबे जोडणाऱ्या पॉइंट्समनचं काम काय असतं, घाईत दोन डब्यांमधलं कपलिंग जोडताना हात कुठे असतो, हे ज्याने पाहिलंय तो दुखापतीची नोंद कोरडेपणाने टाळत नाही. ती नोंद करायची राहून गेली तर वीस वर्षांनी त्या पॉइंट्समनची बायको ऑफिसच्या खिडकीशी उभी राहते, आणि तेव्हा साक्ष द्यायला कुणी उरलेलं नसतं.

काही अधिकारी म्हणतात, तेवढे महिने फुकट जातात आणि हल्ली मुलं दोन वर्षांत बदली तरी मागतात. पण म्हणूनच तर हे आधी करायचं. पूर्वी माणूस एका सेक्शनला वर्षानुवर्षं राहायचा आणि अशा गोष्टी हळूहळू त्याच्या कानावर यायच्या. आता तेवढा वेळ कुणाकडेच नाही.

ज्यांच्या हाताखाली सध्या नवी मुलं येताहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. त्या मुलांना पहिल्या आठवड्यात सिस्टिमचा पासवर्ड देऊ नका. यार्डात डब्यांची हलवाहलव करवणाऱ्या एखाद्या अनुभवी शंटिंग मास्तरच्या हवाली करा, वही द्या, आणि एका रेकचं येणं, लागणं, रिकामं होणं आणि निघणं त्यांच्या हाताने लिहून आणायला सांगा. मग ती वही आणि सिस्टिममधली नोंद शेजारी ठेवून त्यांच्याबरोबर बसा.