गॅस गिझरविषयीच्या संदेशाचा खुलासा
‘गॅसचा वास येत नसेल आणि एक्झॉस्ट फॅन चालू असेल, तर न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर सुरक्षित असतो’ हा बेळगाव-खानापूर भागात फिरणारा संदेश चुकीचा आहे. वास येतो तो सिलिंडरमधील गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा; अपुऱ्या हवेत ज्वलन होताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र ना वास असतो ना रंग, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बंद खोलीतला एक्झॉस्ट फॅन उलट गिझरच्या नळीतला धूरच आत ओढू शकतो. खानापूरच्या पावसात खिडक्या घट्ट लावल्या जातात, म्हणून हे कळकळीने सांगावेसे वाटते. गिझर न्हाणीघराबाहेर, खेळत्या हवेत बसवावा आणि धुराची नळी थेट उघड्यावर सोडावी.