कन्सोल संपलेला नाही, आणि मारिओ नुसत्या आठवणींवर विकला जात नाही

सध्या पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर आला, बारावीच्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवरही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सोनीच्या प्लेस्टेशन टूचा १६ कोटींच्या विक्रीचा विक्रम पंचवीस वर्षांत कुणालाच मोडता आलेला नाही, म्हणजे कन्सोलचा, खास गेम खेळायच्या यंत्रांचा, धंदा उताराला लागलाय. मोबाईलने तो खाऊन टाकला. उरलेल्या कंपन्या मारिओ, पोकेमॉन, फिफा ही जुनीच नावं पुढे नवा नंबर लावून विकतात आणि चाळिशीतले लोक बालपणीच्या आठवणींपोटी ती घेतात. नवीन काही चालत नाही. भारतात तर कन्सोल कुणी घेतच नाही, तेव्हा मुलांना गेम डिझाइनच्या नादाला लागू देऊ नका.

शेवटचं वाक्य नसतं तर मी हा मेसेज सोडून दिला असता. पण या भरवशावर कुणी सतरा वर्षांच्या मुलीचा कोर्स ठरवणार असेल, तर त्यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

प्लेस्टेशन टूपासून सुरुवात करतो. आकडा खरा आहे. पण तो झाला कसा, हे मेसेजमध्ये नाही. मार्च २००० मध्ये जपानमध्ये हे यंत्र आलं तेव्हा ते गेम तर चालवायचंच, शिवाय डीव्हीडीही लावायचं, आणि त्या काळी वेगळा डीव्हीडी प्लेयर घेणं परवडण्यासारखं नव्हतं. अनेक घरांत ते सिनेमे बघायला म्हणून आलं. अमेरिकेत २९९ डॉलरला निघालेलं हे यंत्र २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरलं होतं. उत्पादन थांबलं थेट जानेवारी २०१३ मध्ये, म्हणजे पुढचा प्लेस्टेशन थ्री येऊन सहा वर्षं झाल्यावर. आपल्याकडे तर त्याच्यासाठी २००९ मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' नावाचा देशी गेमसुद्धा निघाला.

आता याच्या उलट चाललंय. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. चिप आता पूर्वीच्या वेगाने स्वस्त होत नाहीत, त्यामुळे 'थांबू, दोन वर्षांनी निम्म्याला मिळेल' हा हिशेब चालेनासा झालाय. तरीही त्याची विक्री ८ कोटींच्या पुढे गेली आहे. निन्टेन्डोचा स्विच २०१७ मध्ये आला आणि १५ कोटींच्या पुढे गेला. त्याच्यानंतरचा स्विच टू जून २०२५ मध्ये आला, पहिल्या चार दिवसांत ३५ लाख विकला गेला आणि सप्टेंबर संपेपर्यंत १ कोटीच्या वर पोचला. याला उतार म्हणायचं असेल तर चढ कशाला म्हणायचं?

शिवाय एका यंत्राचा विक्रम म्हणजे सगळा बाजार नव्हे. त्या पिढीतला प्लेस्टेशन टू, मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचा गेमक्यूब यांची बेरीज साडेवीस कोटींच्या आसपास येते. पुढच्या पिढीतल्या निन्टेन्डोच्या वी, एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन थ्रीची सव्वासत्तावीस कोटी होते. त्यानंतर प्लेस्टेशन फोर आणि स्विच हे दोघेच मिळून जवळपास सत्तावीस कोटी. एक्सबॉक्स वन यात धरलेलाच नाही, कारण मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून कन्सोलविक्रीचे आकडे जाहीर करणंच बंद केलं. विक्रम मोडला नाही कारण गिऱ्हाईक वाटलं गेलं. ते निघून गेलेलं नाही.

मोबाईलच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. मोबाईलने खाल्लं ते हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रांचं गिऱ्हाईक. निन्टेन्डो डीएस १५ कोटी ४० लाख विकला गेला होता, त्याच्यानंतरचा थ्रीडीएस त्याच्या निम्म्यावर, ७ कोटी ६० लाखांच्या आसपास थांबला. सोनीचा पीएसपी चांगला चालला, पण त्याच्या पुढच्या व्हिटाचा वेगळा आकडा सोनीने काही काळाने देणंच सोडलं. छोटी यंत्रंही धरून बेरीज केली, तर डीएसच्या काळापेक्षा पुढचा काळ खाली दिसतो, हे खरंच आहे. पण मेसेजवाल्याने या पडझडीचं खापर टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर फोडलंय, आणि तिथे ते बसत नाही. निन्टेन्डोने त्यावर काय केलं तेही बघा. वेगळं छोटं यंत्र काढायचं बंद केलं आणि टीव्हीलाही लागेल, हातातही चालेल असा स्विच काढला.

जुन्या नावांच्या दाव्यावर मी जास्त थांबणार आहे, कारण तो ऐकायला पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे.

नाव आणि आठवण एवढ्यावर गेम विकला जात असेल, तर त्याची परीक्षा घ्यायला निन्टेन्डोनेच एक आयतं उदाहरण ठेवलंय. 'मारिओ कार्ट ८' हा गेम २०१४ मध्ये वी यू या कन्सोलवर आला. मारिओ तोच, लुइजी तोच, गाड्या पळवायची गंमत तीच. विकला गेला साधारण ८५ लाख. तीन वर्षांनी तोच गेम थोडी भर घालून स्विचवर आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला. मारिओबद्दलची आठवण तीन वर्षांत सातपट झाली नाही. वी यूवर मारिओचे दुसरेही गेम होते, निन्टेन्डोच्याच झेल्डा आणि स्मॅश ब्रदर्स या गाजलेल्या मालिकाही होत्या, तरी ते यंत्र १ कोटी ३६ लाखांवर बसलं. वी यू म्हणजे नवं यंत्र, की आधीच्या वीला जोडायची पाटी, हेच लोकांना कळलं नाही. स्विच मात्र हातात घेतल्याबरोबर कळायचा. नाव दोन्हीकडे होतं. फरक केला यंत्राने.

दुसरं उदाहरण झेल्डाचं. पहिला झेल्डा १९८६ चा. सगळे जुने खेळाडू ज्याचं नाव काढतात तो 'ऑकरिना ऑफ टाइम' १९९८ चा, आणि त्या वेळच्या निन्टेन्डो ६४ वर तो विकला गेला ७६ लाख. मालिका तिशी ओलांडल्यावर आलेला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' ३ कोटींच्या पुढे गेला. आठवणींचं गिऱ्हाईक दर वर्षी वाढत नाही. ते संसाराला लागतं, वेळ नसतो म्हणून खेळणं सोडतं. चौपट झालेले लोक नवीनच असणार. ते आले कारण गेम मुळापासून बदलला होता. समोर डोंगर दिसला की चढता येतो, गवत पेटवलं की उठलेल्या गरम हवेवर पंख उघडून वर जाता येतं, आणि 'आता इकडे जा' असं कुणी सांगत नाही. कॅपकॉमच्या 'मॉन्स्टर हंटर'ची गोष्टही अशीच. २००४ पासून मुख्यतः जपानमध्ये गाजलेली ही मालिका २०१८ च्या 'वर्ल्ड'ने जगभर नेली, आणि तो कॅपकॉमचा सर्वाधिक विकला गेलेला गेम ठरला.

नावावर सगळं चालत असतं तर 'गिटार हिरो'चं काय झालं? २००५ मध्ये आला, दोन-तीन वर्षं घराघरांत प्लास्टिकच्या गिटारी नेऊन ठेवल्या, मग दर वर्षी नव्या आवृत्त्यांचा मारा झाला, लोक कंटाळले आणि २०११ मध्ये मालिका गुंडाळली गेली.

आणि पुण्यात बसून हा दावा करणाऱ्याने तर एक गोष्ट ऐकायलाच हवी. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे १९८९ पासूनचं नाव. त्यातला २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने करायचं काम युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आलं. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, पहिला ट्रेलर लोकांना आवडला नाही, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि २०२२ मध्ये ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं. ज्या गेमवर लोकांचा इतका जीव आहे, त्याच्या बाबतीतही लोक 'जुनं आहे ना, मग चालेल' म्हणाले नाहीत. ट्रेलरमधल्या चेहऱ्यापासून उजेडापर्यंत सगळं पारखून घेतलं. जुनं नाव हातात आलं की काम सोपं होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या गेमवर राबलेल्या लोकांचा विचार करावा.

फिफा या फुटबॉलच्या गेमबाबत मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे. दर वर्षी खेळाडूंची यादी बदलायची आणि पुन्हा पूर्ण किंमत घ्यायची, हे मलाही खटकतं. पण २०२३ मध्ये इए कंपनीने फिफा हे नावच सोडलं, गेमचं नाव 'इए स्पोर्ट्स एफसी' झालं, आणि मालिका सुरू राहिली. नाव गेलं, खेळणारे राहिले. आणि त्यांना गृहीत धरूनही चालत नाही. 'एफसी २५' अपेक्षेएवढा चालला नाही, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये कंपनीला कमाईचा अंदाज खाली आणावा लागला.

नवीन काही चालत नाही, हा मुद्दा लवकर आटपतो. २०२४ चा 'कॉनकॉर्ड' हा नवा गेम सोनीला दोन आठवड्यांत बंद करावा लागला, हे खरं. पण २०२५ मध्ये फ्रान्समधल्या मोंपेल्येच्या एका छोट्या स्टुडिओचा 'एक्सपिडिशन ३३' आला, मागे कुठलंही जुनं नाव नसताना ३३ दिवसांत ३३ लाख विकला गेला आणि वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. 'स्प्लॅटून' तर २०१५ मध्ये वी यूसारख्या पडलेल्या यंत्रावर जन्माला आला आणि आज निन्टेन्डोच्या मोठ्या मालिकांत आहे.

आता आकडे कसे वाचायचे याबद्दल. जीटीए फाइव्ह हा गेम २० कोटींच्या पुढे गेला म्हणजे २० कोटी माणसं नव्हेत. तो २०१३ पासून कन्सोलच्या तीन पिढ्यांवर आणि पीसीवर आलाय, आणि एकाच माणसाने तो दोन-तीनदा घेतल्याची उदाहरणं आजूबाजूला भरपूर आहेत. कन्सोलच्या जाहीर आकड्यांतही बहुतेकदा कंपनीने दुकानांकडे पाठवलेला माल मोजलेला असतो.

आपल्याकडे तर मोजणीतून सुटलेलं फार मोठं आहे. नव्वदच्या दशकात तपकीर गल्लीतून आणलेला टीव्ही व्हिडिओ गेम आठवा. कॅसेट फुंकून खोबणीत दाबायची, टीव्हीचं चॅनेल हाताने लावायचं, आणि मारिओ नाहीतर कॉन्ट्रा सुरू. बहुतेक यंत्रं नकली, कॅसेटही नकली. निन्टेन्डोच्या त्या काळच्या अस्सल कन्सोलच्या, एनईएसच्या, ६ कोटी १९ लाखांच्या हिशेबात यातलं एकही धरलेलं नाही. पुढे नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेले प्लेस्टेशन टू आले, तेव्हा यंत्र मोजलं गेलं पण त्यावर चाललेल्या कॉपी सीडी नाही. पोकेमॉन आपल्या मुलांना कार्टून नेटवर्कवरून आणि वेफर्सच्या पाकिटातल्या चकत्यांवरून माहीत झाला, गेम हातात पडायच्या कितीतरी आधी. आजही जुन्या डिस्कच्या दुकानात उभं राहा. मुलगा डिस्क काउंटरवर ठेवतो, दुकानदार ती ट्यूबलाइटसमोर तिरकी धरतो, ओरखडा दिसला की शंभर-दोनशे कमी करतो, आणि संध्याकाळपर्यंत तीच डिस्क दुसऱ्याच्या घरी गेलेली असते. कंपनीच्या वहीत एकच विक्री, खेळणारे पाच-सहा.

म्हणून 'भारतात कन्सोल कुणी घेतच नाही' हे मला मान्य नाही. कन्सोल घेणारे मोबाईलवर खेळणाऱ्यांच्या मानाने थोडे आहेत, एवढंच म्हणता येईल. त्याची कारणंही उघड आहेत: किंमत, आणि कंपन्यांचं दुर्लक्ष. प्लेस्टेशन फाइव्ह आपल्याकडे बाकी जगानंतर जवळजवळ तीन महिन्यांनी आला, आणि आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली होती. आणि मोबाईलवर तरी काय कायमचं आहे? पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि पबजीच्या जागी आलेला बीजीएमआय जुलै २०२२ पासून पुढच्या मेपर्यंत गायब होता.

राहिला मुलांच्या कोर्सचा प्रश्न. या क्षेत्रात गेल्या काही वर्षांत हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हे पालकांपासून लपवू नये. पण त्या कन्सोल विकले जात नाहीत म्हणून गेल्या नाहीत. कोविडच्या काळात भरमसाट भरती झाली, एकेक मोठा गेम करायला पाच-सहा वर्षं लागू लागली, खर्च आवाक्याबाहेर गेला, आणि एक गेम पडला की सगळा स्टुडिओ बंद होऊ लागला. मुलीला पाठवायचं की नाही ते घरच्यांनी या जोखमीकडे बघून ठरवावं. कॉलेजची जाहिरात बघण्यापेक्षा तिने स्वतः काय बनवलंय ते बघावं, छोटा का असेना, पूर्ण केलेला एक गेम.

भारतात कन्सोल खपत नाहीत म्हणून इथे गेम बनवण्यात अर्थ नाही, हे तर पुण्यातच खोटं ठरलंय. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, आणि 'जस्ट डान्स'सारख्या जुन्या मालिकेच्या कामात त्याचा हात आहे. १९८० च्या पॅक-मॅनच्या अधिकृत मोबाईल गेमचं काम पुण्याच्या सुपरगेमिंगकडे आलं. आणि नॉडिंग हेड्स या पुण्यातल्याच छोट्या स्टुडिओने 'राजी' बनवला. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, तरी गेम पूर्ण केला, आणि २०२० मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमच्या आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. तो सगळ्यात आधी, ऑगस्ट २०२० मध्ये, स्विचवर आला. स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे मिळतच नव्हता. गेम पुण्यात बनला आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक देशाबाहेर होतं.