खिसा गरम नसला तरी चालतं

‘दक्षिण मुंबईतली कला बघायची तर खिसा गरम हवा’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे आणि आत जायला छदामही लागत नाही. बऱ्याचदा चित्रकार तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो, विचारलं की रंग कसा चढवला ते हौसेनं सांगतो. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला राजाबाई टॉवर, समोर आर्ट डेको, म्हणजे १९३०च्या सुमारासच्या बांधकामशैलीतल्या, इमारतींच्या गोलसर बाल्कन्या. २०१८ पासून जागतिक वारसा, तोही फुकट!

महाग आहे ते राहणं. त्यावर आम्हा सोलापूरकरांचा तोडगा सिद्धेश्वर एक्सप्रेस: रात्री बसायचं, सकाळी सीएसएमटी, रात्रीच परत. सोबत कडक भाकरी अन् शेंगाचटणी असतेच. फक्त जहांगीर अकराला उघडतं आणि आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद, एवढं तरी लेखात लिहायचं होतं राव.