हापूसच्या बिअरमधला हापूस

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या ब्रुअरीच्या फळ्यावर खडूने 'अल्फान्सो' असं लिहिलं जातं आणि मराठी माणसाच्या छळाला सुरुवात होते. ग्लास समोर येतो. रंग केशरी, वर पांढरा फेस. हात नकळत पुरी शोधू लागतो. पहिला घोट उतरतो आणि आंबा कुठेच नसतो. थोडं कडू, थोडं आंबट, बरेचसे बुडबुडे, आणि शेवटी, आंब्याची पेटी परवाच हलवलेल्या खोलीत येतो तसा वास. तेवढ्यात वेटर विचारतो, "कशी वाटली, सर?" अडीचशे-तीनशे मिलिलिटरला आमरसाच्या पातेल्याएवढे पैसे मोजलेले असल्यामुळे टेबलावरचे चौघेही एकमुखाने "छान, फ्रूटी आहे" म्हणतात.

माझं म्हणणं एवढंच, की यात ब्रुअरची लबाडी नसते. बिअर आंबवणारं यीस्ट साखर खातं. वीस लिटर बिअरमध्ये तीन किलो हापूसचा गर घातला, तर त्यात साधारण पाव ते अर्धा किलो साखर येते. आठवड्याभरात यीस्ट ती जवळजवळ सगळी फस्त करतं, आणि बदल्यात जेमतेम टक्काभर अल्कोहोल देतं. आपल्या डोक्यात आंबा म्हणजे गोडी. ती काढून घेतल्यावर उरतो कोयीजवळचा आंबटपणा आणि देठाशी येणारा चिकाचा वास. हे दोन्ही आंब्यातच असतात. आपण आजवर त्यांच्याकडे लक्ष दिलेलं नसतं.

गर कधी घातला यावरही बरंच अवलंबून. पहिल्याच दिवशी घातला, तर यीस्ट भरात असताना उठणारा कार्बन डायऑक्साइड वासही सोबत उडवून नेतो. टाकीशेजारी उभा राहणाऱ्याला फुकट आंबा, पिणाऱ्याला नाही. म्हणून जाणती माणसं मुख्य आंबवण ओसरल्यावर, चार-पाच दिवसांनी, गर घालतात. घालण्याआधी तो खळखळून उकळला तर फळातल्या चिकट पेक्टिनमुळे बिअर गढूळ होते आणि चव मुरांब्याकडे जाते. सत्तर अंशांच्या आसपास काही मिनिटं धरून थंड केला की पुरे. आणि साखर खाऊन व्हायच्या आत बिअर कॅनबंद केली, तर यीस्ट उरलेलं जेवण कॅनमध्ये उरकतं. फुगलेला कॅन पाहुण्यांसमोर उघडू नये. सोफ्याचं कापड फिकट असेल तर नाहीच नाही.

आता चाखण्याकडे. बर्फ जमलेला ग्लास मागणं ही आपली राष्ट्रीय सवय. पण चार अंशांच्या खाली वासही गारठतो. फळाची बिअर आठ ते बारा अंशांवर बोलू लागते. ग्लास स्वच्छ हवा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील, तर भांड्यांचा साबण नीट निघालेला नाही. ग्लास अर्धाच भरावा, एकदा फिरवावा, आधी दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. मग घोट जिभेवर सगळीकडे फिरवून गिळावा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा. आंबा सापडला तर इथेच सापडतो. हे करताना आपण दम्याचं औषध घेतोय असा शेजारच्या टेबलाचा समज होतो. होऊ द्यावा.

चार-पाच छोट्या ग्लासांचा ट्रे असेल तर हलकीपासून कडूकडे जावं. आणि मसाला पापड नंतर. अल्कोहोल आणि बुडबुडे मिरचीची आग वाढवतात, मग आंबा आणि अननस यांत फरक उरत नाही. साधं पाणी आणि पावाचा तुकडा हाच खरा चकणा. हे सांगून मी मित्र गमावायला तयार आहे.

लोण्याचा वास आला तर यीस्टला पुरेसा वेळ मिळालेला नाही. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बिअरला हवा लागली आहे. पुठ्ठा हा हापूसच्या पेटीचा भाग असला, तरी इथे तो गुण नव्हे.

उलटा प्रकारही असतो. काही ग्लासांत पेरू आणि पॅशनफ्रूट स्पष्ट जाणवतात, आणि आत फळाचा कणही नसतो. ते काम हॉप्सचं, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांचं. ऑस्ट्रेलियाचं गॅलॅक्सी, अमेरिकेचं सिट्रा आणि मोझेक यांत थायोल नावाची गंधकाची संयुगं असतात. तीच मंडळी पेरूतही भेटतात. म्हणजे आंबा घातला तर लागत नाही, आणि पेरू न घालता लागतो.

पेरूच्या बाबतीत आपण जर्मनांच्या बरोबरीने आहोत. गोस्लार गावच्या 'गोझं' या आंबट बिअरमध्ये मीठ आणि धणे पडतात. मीठ कडूपणा दाबतं आणि फळ वर आणतं, हे शाळेबाहेरच्या पेरूवाल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. कोकमाची गोझं तर सोलकढीच्या इतकी जवळ जाते, की माशाची आठवण येते. आंब्याचा संसार मात्र अवघड. ज्याच्या नावावरून हापूस म्हणतात असं मानतात, त्या पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं. सहाच वर्षांनी जर्मनीतल्या बव्हेरियात फर्मान निघालं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही नको. पत्रिका तेव्हापासूनच जुळत नाही.

तर वेटर पुन्हा आला, की "फ्रूटी" म्हणू नये. "गर कितव्या दिवशी घातला?" एवढंच विचारावं. तो आत विचारायला जातो, आणि परत येईपर्यंत ग्लास बारा अंशांवर आलेला असतो.