प्रतिक्रियेला उत्तर: परत आलेले ५० वॅट जातात कुठे?

सर, नमस्कार.

प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याला धरून आहे. तुमचं म्हणणं असं, की रिगचा (हॅम रेडिओच्या सेटचा) सोर्स ५० ओहमचा, कोॲक्स (अँटेनाकडे जाणारी केबल) ५० ओहमची, मग अँटेनाकडून परत आलेली पॉवर सोर्सच्या रेझिस्टन्समध्येच जिरते, त्यानेच फायनल (रिगचे शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) उडतात. मी लिहिलेलं ‘इंटरफेरन्स’, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या लहरींची बेरीज-वजाबाकी, हे पोरांना उगाच गोंधळात टाकणं.

निम्मं मान्यच आहे. सोर्स मॅच असेल, म्हणजे केबलइतक्याच ओहमचा असेल, तर लहर तिथून पुन्हा उलटत नाही. पण म्हणून तिची पॉवर तिथेच उष्णता होऊन जमा होते, हे कुठून आलं?

हिशेबच मांडू. १०० व्होल्टचा सोर्स, सिरीजमध्ये ५० ओहम. मॅच लोडला, म्हणजे ५० ओहमच्या लोडला, १ अँपिअर जातो. लोडमध्ये ५० वॅट, रेझिस्टरमध्येही ५०. आता लोड काढा, टोक उघडं ठेवा. ५० वॅट जातात, ५० परत येतात. केबल अर्ध्या तरंगलांबीची असेल तर करंट शून्य, रेझिस्टर थंडगार! पाव तरंगलांबीची असेल तर सोर्ससमोर चक्क शॉर्ट: २ अँपिअर, म्हणजे रेझिस्टरमध्ये २०० वॅट. परत येणारी पॉवर दोन्हीकडे तीच की ओ. तुमची ‘रेझिस्टरचे ५० अधिक परतीचे ५०’ ही बेरीज जुळते ती एक-अष्टमांश तरंगलांबीला, कारण तिथे दोन लहरींचे करंट ९० अंशांनी सरकलेले असतात. एरवी आधी करंटची बेरीज होते, वर्ग नंतर. आणि ते २०० वॅट परतीच्या लहरीने आणलेले नसतात, सोर्सच तेवढे देतो.

छोट्या पल्सला मात्र तुमचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं. पल्स परत येईपर्यंत सोर्स शून्यावर आलेला असेल, तर ती त्या ५० ओहममध्येच जिरते. सलग कॅरिअरला (न थांबता चालणाऱ्या लहरीला) हा नियम लावला की घोटाळा होतो.

फायनलचं म्हणाल, तर रिगवर लिहिलेले ५० ओहम हे लोड केवढा हवा ते सांगतात. आतला इम्पिडन्स (एसी करंटला होणारा विरोध) तेवढाच असेल असं नाही. लोड बिघडला की ट्रान्झिस्टरवर व्होल्टेज किंवा करंट भलताच चढतो, आणि तो उडतो.

करून बघा, पण रिगवर नको. सिग्नल जनरेटर ७.१ मेगाहर्ट्झला लावा, आउटपुटवर ऑसिलोस्कोप, आणि उघड्या टोकाची आरजी-५८ कोॲक्स. सुमारे ७ मीटरला (या केबलमध्ये पाव तरंगलांबी) स्कोपवर जवळपास काहीच उरत नाही. १४ मीटरला (अर्धी तरंगलांबी) मॅच लोडच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज दिसतं. तुम्ही जुळे सोलापूरचेच, तर गड्डा यात्रेची गर्दी ओसरली की घरी या, दोघं मिळून लावू. बीएनसीचा टी (केबल जोडायचा तिहेरी कनेक्टर) तेवढा आणा, माझा सैल झालाय.